भगवंतराव नॉर्मल निघतात

सुंदराबाईंनी हात पुढे केला. डॉक्टर ज्योत्स्ना सिरसाटनं दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर शोधली, कापसानं जागा पुसली आणि सुई टोचणार तेवढ्यात सुंदराबाईंनी हात झटक्यात मागे घेतला.

"बाई, एक इचारू? राग नाई ना याचा?"

"विचारा."

"रिपोर्ट खरा देता ना?"

ज्योत्स्नाच्या हातातली सुई हवेतच राहिली. राजापेठेत तिची लॅब सुरू झाल्यापासून लोकांनी रिपोर्ट लवकर मागितला होता, उधार मागितला होता, नवऱ्याला न कळू देता मागितला होता. खरा मागणारं आज पहिल्यांदाच कोणी भेटत होतं.

"खोटा कशाला देईन मी?"

"नाई, म्हंजे..." सुंदराबाईंनी काचेच्या दाराबाहेर बोट केलं. "ते पाहून आली ना मी."

ज्योत्स्ना रोज मागच्या गल्लीतून यायची, त्यामुळे तिनं चौक पाहिलाच नव्हता. ती दार लोटून बाहेर आली आणि तिथंच थबकली. चौकात दुमजली घराएवढा फ्लेक्स लागला होता. त्यावर माजी आमदार भगवंतराव हात जोडून उभे होते आणि त्यांच्या मागे, काही संबंध नसताना, एक पांढरा घोडा उधळला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'शुगर नॉर्मल. कोलेस्टेरॉल नॉर्मल. बीपी नॉर्मल. किडनी एकदम नॉर्मल. विरोधकहो, आता बोला!' आणि त्याखाली तिच्या लॅबचं नाव आणि तिची सही. सही हातभर लांब होती.

बीपी तिनं तपासलंच नव्हतं. 'एकदम' हा शब्दही तिचा नव्हता. बाकी सगळं मात्र तिच्याच रिपोर्टातलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

झालं होतं असं. भगवंतराव दोनदा निवडून आलेले, एकदा पडलेले, आणि आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा उभे राहायच्या तयारीत होते. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात त्यांच्या हस्ते फीत कापायची होती. फीत कापता कापता त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो बघायला ते मटकन खाली बसले. कोणीतरी मागून मोबाइलवर ते टिपलं. दिवस मावळायच्या आत 'भाऊसाहेब कोसळले' ही बातमी तालुकाभर झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. कोणी संत्री आणली, कोणी शहाळी. एक जुना कार्यकर्ता दारातच रडायला लागला, त्याला भगवंतरावांनी स्वतः पाणी पाजून गप्प केलं. तेव्हा त्यांचा पुतण्या नितेश, जो काकाची गाडी, भाषणं आणि मोबाइल अशी तिन्ही खाती सांभाळत असे, त्यांना घेऊन ज्योत्स्नाच्या लॅबमध्ये आला. ही डॉक्टरीण कोणाच्या नात्यातली नाही आणि कोणाच्या पार्टीतली नाही, म्हणून लोक विश्वास ठेवतील, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकला. कारण भगवंतरावांचं सगळं राजकारण त्यांच्या पोटावर उभं होतं. ज्याच्या दारी जातील त्याच्या घरी जेवणार, ही त्यांची ख्याती. हिवाळ्यात वावरातल्या पार्टीत तुपात बुडवलेले रोडगे, लग्नात पाटवडीचा तर्रीदार रस्सा, राजापेठेत उभ्या उभ्या गिलावडा, आणि वर चहा, तोही जास्तीची साखर मागून. 'भाऊसाहेबांनी आमच्या घरी खाल्लं' हे लोक आयुष्यभर सांगायचे. आणि अशा माणसाची शुगर नॉर्मल? तालुक्याच्या बुद्धीला हा घास गिळणं शक्यच नव्हतं.

पहिला जाहीर संशय लॅबसमोरच्या चहावाल्या देवमननं घेतला. ज्योत्स्ना फ्लेक्सकडे बघत उभी असताना तो गाळणी हातात घेऊनच आला.

"मॅडम, मी काई डॉक्टर नोहो. पण भाऊसाहेब माह्या हातचा चहा पेतात. दोन चम्मच साखर वरून टाकाले लावतात. अन् तुमी म्हणता शुगर नॉर्मल. माह्या चहाची बी काई इज्जत ठेवा ना!"

"देवमनभाऊ, जे मशीननं सांगितलं तेच मी लिहिलं."

"मशीन कोणाचं हाये?"

"माझं."

"मंग झालं तर," असं म्हणून देवमन चहा ओतायला निघून गेला, आणि काय झालं ते दुपारपर्यंत त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. संध्याकाळी तीन निरनिराळ्या बातम्या फिरत होत्या. पहिली, रक्त भगवंतरावांचं नव्हतंच, नितेशचं होतं. दुसरी, ते बकरीचं होतं. तिसरी, डॉक्टरीणबाईला महानगरपालिकेचं तिकीट मिळणार.

या सगळ्याचं ज्योत्स्नाला हसू आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना तिचे वडील धर्मपाल, अकोल्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले आणि आता लेकीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसणारे, भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मी काय म्हणतो बेटा, दशांश चिन्ह गिन्ह इकडचं तिकडं तर नसन झालं?"

"बाबा!"

"नाई, सहज इचारलं. माणसाच्या हातून होते."

"मी दोनदा लावलं सॅम्पल. पहिल्यांदा मलाच खरं वाटलं नाही म्हणून दुसऱ्यांदा लावलं."

"हाव ना. मी कोठी नाई म्हणतो?" धर्मपाल म्हणाले. मग थोडं थांबून, "पण तो माणूस खाते बेटा. मी सोताच्या डोयानं पाह्यलं."

ज्योत्स्नाला राग आला की तिची एम. डी. बाजूला राहायची आणि घरची बोली वर यायची. "बाबा, तुमी नोकरीत एका तरी पोट्ट्याचा मार्क वाढवला?"

"नाई."

"हेडमास्तरनं सांगतलं तरी?"

"तरी नाई."

"मंग मी कोणाची पोट्टी होय?"

धर्मपालांनी भाकरी मुकाट्यानं खाल्ली. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं दशांश चिन्ह काही गेलं नाही.

पुढचे दोन दिवस लॅबमध्ये शुकशुकाट होता. तिसऱ्या दिवशी मात्र ज्योत्स्ना आली तो दाराबाहेर ही रांग! धर्मपाल खुशीत नावं लिहून घेत होते. ज्योत्स्नालाही वाटलं, चला, लोकांना कळलं एकदाचं. पहिली बाई आत आली आणि खुर्चीवर बसता बसताच कुजबुजली, "मॅडम, पोराचं लग्न जमून राह्यलं. पोरीवाल्याइनं तपासणी मांगतली. भाऊवाला द्या."

"काय भाऊवाला?"

"रिपोर्ट! एकदम नॉर्मलवाला."

तिच्या मागे एक ड्रायव्हर होता, त्यालाही भाऊवालाच हवा होता. त्याच्या मागच्या गृहस्थांना दुसऱ्या एका डॉक्टरनं गोड बंद करायला सांगितलं होतं, आणि घरात बायकोनं डब्यांना कुलूप लावलं होतं. ते कुलूप उघडेल असा कागद त्यांना पाहिजे होता. ज्योत्स्नानं प्रत्येकाचं रक्त घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात, जसा होता तसा, खरा रिपोर्ट ठेवला.

मग जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबसमोर पंचवीस-तीस माणसं जमली. सगळ्यांच्या हातात तिनं दिलेले रिपोर्ट होते आणि सगळे ते झेंड्यासारखे हलवत होते.

"भाऊले नॉर्मल, आमाले काहून नाई?"

"शुगर द्याची तं सबनले द्या!"

"गरिबाले गोळ्या, पुढाऱ्याले नॉर्मल! चालणार नाई, चालणार नाई!"

ज्योत्स्ना दार उघडून ओट्यावर आली. "अहो, शुगर मी वाटते का? ती तुमच्या अंगातच आहे!"

"मंग भाऊसाहेबाच्या अंगातली कोठी गेली?" मागून देवमन ओरडला. मोर्चा त्याच्या दुकानासमोर असल्यानं त्याचा चहा त्या दिवशी भलताच खपत होता आणि आवाजही चढला होता.

 ज्योत्स्नाला फक्त शुगर किती आहे ते सांगता येत होतं. का नाही, ते ती कुठून सांगणार?

त्याच दुपारी नितेश आला. तिशीतला, गोल चेहऱ्याचा, सदा पाण्याची बाटली सोबत बाळगणारा गडी. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं अर्धी बाटली रिकामी केली.

"मॅडम, मोठा घोटाळा झाला. लोकाइले पटूनच नाई राह्यलं. आमचेच कार्यकर्ते म्हणतात, काईतरी लपवून राह्यले, मोठा आजार असन. नाई तर एवढं चांगलं लिहिलं असतं काय? म्हणून म्हणतो, थोडी शुगर वाढवून द्या."

"काय?"

"जास्त नाई. लोकाइले पटन एवढी. एखादा लहानसा आजार टाका अन् नवा रिपोर्ट द्या. फ्लेक्सवाला तयारच हाये."

ज्योत्स्ना काही बोलणार तोच दार उघडलं आणि रागिणीताई आत आल्या. या विरोधी उमेदवाराच्या महिला आघाडीच्या. कडक इस्त्रीची साडी, हातात दोन फोन. नितेशला बघून त्या क्षणभर अडखळल्या, पण राजकारणात मुरलेल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"बरं झालं, तुम्हीही आहात. डॉक्टर, मी स्पष्टच बोलते. रिपोर्ट चुकीचा होता, एवढं एका ओळीत लिहून द्या. तुमचं नाव खराब होणार नाही याची जबाबदारी आमची."

"मी बी तेच म्हणून राह्यलो ना ताई!" नितेश उत्साहानं म्हणाला. "थोडा चुकला होता म्हणा. बीपी टाकू."

"बीपी?" रागिणीताईंनी नाक मुरडलं. "बीपी तर सगळ्यांनाच असतं. त्यानं काय होतंय? किडनी टाका."

"किडनी नाई जमणार. काकाजीले प्रचार कराचा हाये. पाहा, गुडघे घ्या. दोन्ही देतो."

"गुडघ्यांची रक्ततपासणी होते का? किडनी नको तर निदान लिव्हर."

"लिव्हरनं लोक दारूचा इचार करतात ताई. बरं, शुगर अन् एक गुडघा, फायनल?"

"शुगर भरपूर पाहिजे."

"अडीचशे."

"तीनशेच्या खाली मी पक्षाला तोंड दाखवू शकत नाही."

आजवर ज्या दोन पक्षांचं गटारीच्या कामावरही कधी एकमत झालं नव्हतं, ते ज्योत्स्नाच्या टेबलावर, तिला न विचारता, एका धडधाकट माणसाला आजारी पाडण्यावर एक होत होते. काउंटरवरून धर्मपाल चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

ज्योत्स्ना उभी राहिली.

"उठा. दोघं बी उठा."

"मॅडम..."

"भाजीबाजार होय काय हा? अर्धा पॉइंट वर नाई, अर्धा पॉइंट खाली नाई! अथी जे निघते तेच लिहिलं जाते. नितेश, रविवारी सकाळी तुह्या काकाजीले उपाशी पोटी घेऊन ये. याच ओट्यावर, सबनच्या समोर रक्त घेते. मशीन बाहेर आणते. ताई, तुमी तुमची माणसं आणा. त्या देवमनले मशीनच्या बाजूले बसवते. पण त्यानंतर जर कोणी माह्या लॅबले खोटं म्हटलं, तं त्याचं रक्त मी मोठ्या सुईनं काढीन!"

दोघंही उठले. दार बंद झाल्यावर ज्योत्स्ना खुर्चीत बसली. रविवारी वेगळं काही निघालं तर? माणसाच्या शरीराचा काय भरवसा? मग राजापेठेत तोंड दाखवायलाही जागा उरणार नव्हती. धर्मपाल पाण्याचा पेला घेऊन आले.

"बेटा," ते म्हणाले, "मोठ्या सुईचं बोललीस ना, ते बरोबर बोललीस."

रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्युशनची पोरं क्लास बुडवून आली होती, बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या, दुचाक्यांवर लोक चढून बसले होते. ओट्यावर टेबल, टेबलावर यंत्र आणि यंत्राशेजारच्या स्टुलावर, नवा शर्ट घालून, देवमन. तो यंत्राकडे असा रोखून बघत होता, जणू ते नजर चुकवून पळणार आहे.

भगवंतराव चालतच आले. उंच, ताठ, पांढरा सदरा. मागे त्यांच्या पत्नी गोदाबाई. त्या रिद्धपूरच्या बाजूच्या, काटकुळ्या बांध्याच्या, फार कमी बोलणाऱ्या आणि ज्यांच्यासमोर स्वतः भगवंतरावही फार कमी बोलत अशा. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता.

भगवंतरावांनी खुर्चीत बसून बाही सरकवली आणि ते गर्दीकडे पाहून गरजले, "पाहा बाप्पा, नीट पाहा! माहाच हात हाये का नाई ते बी पाहून घ्या! मी कोसळलो म्हणता? अबे, माही चप्पल तुटली होती! काढा डॉक्टरीणबाई, बाटलीभर काढा!"

"एक छोटी नळी पुरते," ज्योत्स्ना म्हणाली.

रक्त निघालं. नळी तिनं दोन बोटांत धरून आधी रागिणीताईंना दाखवली, मग देवमनला, मग गर्दीला. यंत्राच्या पोटात थेंब गेला. ताज्या शुगरचा आकडा लगेच आला, पण तिला पाहिजे होता मागच्या तीन महिन्यांचा, कारण एक दिवस उपाशी राहून त्याला फसवता येत नाही. चौकात एवढी शांतता झाली की देवमनच्या दुकानावरचा चहा उतू गेलेला ऐकू आला, आणि तरी तो उठला नाही.

आकडा उमटला. देवमन वाकला, त्यानं डोळे चोळले, पुन्हा वाकला.

"नॉर्मल हाये," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते असं निघालं, जसं कोणी गेल्याची बातमी निघते.

"दशांश चिन्ह जागच्या जागी हाये!" दारातून धर्मपाल एवढ्या मोठ्यानं ओरडले की दोन कबुतरं उडाली. पण टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. भगवंतरावांच्या कार्यकर्त्यांचेसुद्धा चेहरे पडले होते. आजाराची सगळ्यांनी एवढी मनाची तयारी केली होती की तब्येत पचवणं जड जात होतं.

"एक मिनिट," देवमन म्हणाला. "हे मशीन सबनलेच नॉर्मल म्हणत असन तं?"

"या, हात द्या," ज्योत्स्ना म्हणाली.

देवमननं दोन्ही हात पाठीमागे नेले. तेव्हा नितेश गर्दीतून पुढे आला. "माहं घ्या मॅडम! होऊ द्या यायचं समाधान. मी जवान माणूस, मले काई नाई निघत!" असं म्हणून तो बाटलीतलं पाणी घटाघटा प्याला आणि त्यानं बोट पुढे केलं.

ज्योत्स्नानं थेंब घेतला. आकडा आला. तिनं तो पाहिला आणि पटकन यंत्रावर हात ठेवला.

"नितेश, आत चल."

"काहून? अथीच सांगा ना!"

"नाही सांगणार. ज्याचा रिपोर्ट त्याला."

"लपवून राह्यली! लपवून राह्यली!" गर्दीत गलका झाला.

"हाव, लपवून राह्यली!" ज्योत्स्ना उलटून म्हणाली. "हा काई फ्लेक्स नोहे. त्याची तब्येत त्याची हाये, तुमची नाई!"

पण नितेशनं स्वतःच तिचा हात बाजूला केला आणि वाचलं. "तीनशे बेचाळीस? मॅडम, हे मशीन बिघडलं!" पण मशीन बिघडलेलं नाही, हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो हळूच ओट्याच्या पायरीवर बसला. ती सारखी लागणारी तहान, ते रात्री उठणं, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना दिसलं. ज्योत्स्ना त्याच्या शेजारी बसली.

"घाबरू नको. वेळेवर कळलं. आज कळलं नसतं तर मात्र कठीण होतं."

तेवढ्यात गोदाबाई पुढे आल्या. "काहून रे नितेश? घरी तं तू पोळी बी अर्धी खाते. अशी कोणती मिठाई खाते रे तू बाहेर?"

नितेशनं मान वर केली. इतक्या दिवसांचं साठलेलं बांध फुटल्यासारखं बाहेर पडलं.

"मी खातो काकू? मी माह्या मनानं खातो काय? तुमच्या नवऱ्याचं खातो मी!"

"म्हंजे?"

"म्हंजे काय! तुमी सांगतलं यायले बाहेरचा घास घेऊ देजो नको. अन् हे कोणाले नाई म्हणत नाईत! ताट आलं की 'वा वा' करतात, बोट लावतात, अन् मंग फोन आल्यासारखं करून उठतात. ते ताट कोणाच्या पुढं येते? माह्या! रोडगे मी खाल्ले, पाटवडी मी खाल्ली, गिलावडे माह्या पोटात गेले! एका दिवशी सात घरी जेवलो मी काकू, सात घरी!"

 मग स्टुलावरून अगदी बारीक आवाज आला.

"माहा चहा?" देवमननं विचारलं.

"मीच पेलो."

"दोन चम्मच साखर वरून..."

"ते मले आवडते म्हणून सांगत होते."

गर्दीतून सुंदराबाई वाट काढत समोर आल्या. "भाऊ, माह्या पुरणपोळ्या? तुमी तं बोटं चाटली होती माह्या समोर!"

"बोटं चाटली सुंदराबाई, ते खोटं नाई," भगवंतराव म्हणाले. "पोळी मात्र नितेशनं खाल्ली."

आता सगळा प्रकार लोकांच्या ध्यानात आला. रिपोर्ट खरा होता. डॉक्टरीण खरी होती. मशीनही खरं होतं. खोटे होते ते भाऊसाहेब. तालुक्यातल्या घराघरांत अभिमानानं सांगितली जाणारी जेवणं एका क्षणात रद्द झाली. रागिणीताईंनी दोन्ही फोन उचलले, पण पक्षाला नक्की काय कळवायचं हे त्यांना सुचेना. माणूस धडधाकट आहे, ही काही आनंदाची बातमी नव्हती.

भगवंतरावांनी बाही खाली केली आणि ते उभे राहिले. माफी मागणारा हा माणूस नव्हेच.

"हाव, नाई खाल्लं! काय करान? माह्या बापाचे दोन्ही पाय गेले या बिमारीनं. मी त्याले पाठीवर घेऊन संडासले नेत होतो. तुमाले माणूस पाहिजे का ताट रिकामं करणारा पाहिजे? नाई म्हटलं असतं तं तुमीच म्हटलं असतं, भाऊले आमच्या घरचं चालत नाई, मोठा झाला भाऊ! म्हटलं असतं का नाई?"

म्हटलंच असतं. पण नितेशकडे बघून भगवंतरावांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "या पोट्ट्याचं मात्र मले समजाले पाहिजे होतं."

"ते मी पाहीन," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला डबा उघडून नितेशच्या मांडीवर ठेवला. आत ज्वारीची भाकरी आणि बिनतेलाची अंबाडीची भाजी होती. "उद्यापासून दोन्ही टाईम माह्या हातचं जेवशीन. पहाटे यायच्यासंग फिराले जाशीन. ज्योत्स्नाबाई, गोळ्या लिहून कोण देते ते सांगा, मी घेऊन जातो याले."

नितेशनं डब्याकडे पाहिलं. तीनशे बेचाळीस वाचताना तो एवढा घाबरला नव्हता.

मग गोदाबाई गर्दीकडे वळल्या. माइक नव्हता, त्यांनी मागितलाही नाही. "अन् तुमी आयका. मत द्याचं असन तं द्या, नाई तं नका देऊ. पण याच्यापुढं माह्या घरच्या माणसाइले ताटं वाढाचं बंद करा. रस्ता मांगा, पाणी मांगा, शाळा मांगा. जेवू घालून कामं नाई होत, बिमाऱ्या होतात. इतकी वर्सं जेवू घातलं, नालीवर फरशी तरी पडली काय?"

नालीवर फरशी पडली नव्हती. ती आत्ताही चौकाच्या कडेला उघडीच होती आणि अर्धी गर्दी तिच्यापासून पाय सांभाळूनच उभी होती. बायकांमध्ये कुजबुज झाली. मग सुंदराबाईंनी पदर खोचला.

"गोदाकाकू, मी म्हणतो, तुमीच काहून नाई उभ्या राहत?"

भगवंतराव खदखदून हसले. असा विनोद त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले, आणि हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चौकात आपल्याशिवाय कोणीच हसलेलं नाही. देवमनसुद्धा नाही. रागिणीताई तर गोदाबाईंकडे अशा काळजीनं बघत होत्या, जशी त्यांनी आजवर भगवंतरावांची केली नव्हती.

"अवो..." भगवंतराव म्हणाले.

गोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, ओट्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्या सावकाश खुर्चीवर बसल्या, पोलक्याची बाही वर सरकवली आणि ज्योत्स्नासमोर हात पुढे केला.

"घ्या बाई, माहं बी घ्या. अन् जे निघन ते सबनले आयकू येईन असं सांगा."

ज्योत्स्नानं दंडाला पट्टा बांधला.